व्हॅक्यूमची नळी पुन्हा पुन्हा सुटते: जुन्या जिप्सी-जीपमधली गळती कशी शोधायची आणि कशी बंद करायची

सकाळी नळी बसवायची, पांदणीने वावरापर्यंत एक फेरी झाली की संध्याकाळी ती पुन्हा लोंबकळलेली. गाडी उभ्या जागी फुरफुरते, ॲक्सिलरेटर सोडला की बंद पडते, ब्रेकचं पेडल एकदम कडक लागतं. जुन्या जिप्सी, मेजर, कमांडर, मार्शल चालवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. बहुतेक ठिकाणी नळी परत ढकलून बसवतात, वरून बाइंडिंग तार आवळतात आणि गाडी सोडून देतात. तारेने नळी काही दिवस टिकते, मग नेमकी तारेच्या काठावरच चिरते.

नळी उगाच सुटत नाही. एकतर तिला काहीतरी ओढतं, किंवा आतून काहीतरी ढकलतं, किंवा तिचं टोक निपल (नळी जिच्यावर चढते ती बारीक तोटी) धरण्याच्या लायकीचं उरलेलं नसतं. या तिघांपैकी कोणतं, हे ठरवल्याशिवाय नवी नळी घातली तर तीही वाया जाते.

व्हॅक्यूम येतो कुठून

पेट्रोल इंजिनात थ्रॉटलची पाकळी जवळपास बंद असताना पिस्टन हवा ओढतात आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणाऱ्या पाइपात) व्हॅक्यूम, म्हणजे हवेची ओढ, तयार होतो. म्हणून जिप्सीत शोध मॅनिफोल्ड आणि कार्बोरेटरपासून (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागापासून) सुरू करायचा. जुन्या डिझेल जीपमध्ये थ्रॉटलची पाकळी नसते, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये कामाचा व्हॅक्यूम मिळत नाही. तिथे बहुतेक गाड्यांत अल्टरनेटरच्या मागच्या बाजूला पात्यांचा व्हॅक्यूम पंप असतो आणि सगळ्या नळ्या तिथून निघतात. डिझेल जीपच्या मॅनिफोल्डवर गळती शोधत बसण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

लक्षणंही वेगवेगळी. कार्बोरेटरच्या गाडीत फट पडली की फुकटची हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन मिस मारतं आणि थंड असताना चोक ओढल्याशिवाय उभं राहत नाही. चोक अर्धा ओढल्यावर इंजिन सुरळीत झालं तर फट असण्याची शक्यता मोठी. एमपीएफआय (कॉम्प्युटरने पेट्रोल फवारणारी व्यवस्था) आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत उलटं दिसतं: फट पडली की आयडलची (ॲक्सिलरेटर न दाबता असते ती) रेस वाढून बसते. आणि मॅप सेन्सरचीच नळी सुटली तर कॉम्प्युटरला वाटतं गाडी पूर्ण लोडवर आहे. तो पेट्रोल वाढवतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि प्लग काळे पडतात. डिझेलमध्ये इंजिनाच्या आवाजात फारसा फरक पडत नाही, फक्त ब्रेक जड होतो. म्हणून डिझेलवाल्यांना गळती सगळ्यात उशिरा कळते, आणि धोका त्यांनाच जास्त.

आधी ब्रेक

बाकी काहीही उघडण्याआधी बूस्टरची (व्हॅक्यूमच्या जोरावर ब्रेकला मदत करणाऱ्या डब्याची) नळी तपासा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय दाबूनच ठेवा आणि इंजिन चालू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर बूस्टरपर्यंत व्हॅक्यूम पोहोचतो आहे. जागचं हललं नाही तर नळी, वनवे व्हॉल्व्ह (हवा एकाच बाजूने जाऊ देणारा) किंवा बूस्टरचा पडदा, यांपैकी एक गेलं आहे. मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा आणि पाच मिनिटं थांबून पेडल दाबा. व्हॉल्व्ह चांगला असेल तर पहिल्या एक-दोन दाबांना अजून मदत मिळते. पहिल्याच दाबाला पेडल कडक लागलं तर साठा गळून गेला आहे.

वनवे व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघता येतो. बूस्टरच्या बाजूने फुंकलं तर हवा पार गेली पाहिजे, इंजिनाच्या बाजूने फुंकलं तर अडली पाहिजे. वर बाण असेल तर तो इंजिनाकडे तोंड करून बसतो. उलटा बसवलेला व्हॉल्व्ह दिसायला अगदी बरोबर दिसतो आणि ब्रेकला मदत शून्य, म्हणून बाण दोनदा बघा.

चिखलदऱ्याच्या घाटात उतरताना बूस्टरची नळी सुटली तर ब्रेक जातो असं नाही. तो लागतो, पण कितीतरी पट जोर द्यावा लागतो. अशा वेळी पेडल पंप करू नका, साठलेली एक-दोन दाबांची मदत त्यात संपते. एकाच जोरात दाबून धरा, लगेच खालचा गिअर टाका आणि इंजिन चालूच ठेवा. बूस्टरचा दोष निघेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, गावातल्या गावातही लोड टाकून चालवू नका.

नळ्यांचा माग काढणं

गळ्यातला दुपट्टा आधी काढून ठेवा. चालू इंजिनात पट्टा आणि पंखा समोर असतो आणि गळती ऐकायला माणूस वाकतोच. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड.

काहीही काढण्याआधी मोबाइलवर तीन-चार बाजूंनी फोटो घ्या. बॉनेटखालचा नळ्यांचा नकाशा बहुतेक जुन्या गाड्यांत रंगाखाली गेलेला असतो किंवा उन्हाने उडालेला असतो, त्यामुळे स्वतःचा नकाशा काढावा लागतो. मॅनिफोल्डवरचे आणि कार्बोरेटरवरचे निपल मोजून कागदावर लिहा. प्रत्येक निपलला एकतर नळी हवी, नाहीतर टोपी. उघडा निपल म्हणजे गळती सापडली. कार्बोरेटरच्या मागचा, हाताला लागतो पण डोळ्याला दिसत नाही असा निपल सगळ्यात जास्त वेळा सुटतो, तिथे आरसा आणि टॉर्च वापरा. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना पांढऱ्या टेपवर एकच आकडा लिहून चिकटवा.

इंजिन चालू करून साधारण पाऊण मीटर लांब रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं जोडांवरून फिरवा. सुस्स असा आवाज एका जागी एकदम मोठा होतो. मग स्प्रे बाटलीतून साधं पाणी थोडं थोडं त्या जोडावर मारा. फट असेल तर पाणी आत ओढलं जातं, आवाज क्षणभर बंद होतो आणि आयडल बदलतो. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना करंट वाटून देणारा भाग) आणि प्लगच्या वायरींवर पाणी जाऊ देऊ नका, नाहीतर मिस वेगळ्याच कारणाने सुरू होईल. कार्बोरेटर क्लीनर किंवा पेट्रोल फवारून गळती शोधतात, ते करू नका. मे महिन्यात बाहेरच पंचेचाळीस अंश असतात, बॉनेटखाली एक्झॉस्ट तापलेला असतो आणि एका ठिणगीचं काम असतं. अगरबत्तीच्या धुराचाही उपाय सांगतात. पेट्रोल गाडीजवळ जळता निखारा नको.

आवाजाने सापडलं नाही तर एकेक फाटा वेगळा करा. नळी मऊ असेल तर पकडीला कापड गुंडाळून हलकेच दाबा. दाबताच इंजिन सुरळीत झालं तर गळती त्या जागेच्या पलीकडे आहे. नळी कडक झाली असेल तर दाबू नका, तिथेच तडा जाईल. ती निपलवरून काढा आणि निपल बोटाने बंद करा. बूस्टर, डिस्ट्रिब्युटर, चारकोल कॅनिस्टर (टाकीतली पेट्रोलची वाफ धरणारा डबा), एअर क्लीनर, पीसीव्ही (इंजिनातली वाफ परत मॅनिफोल्डमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) असे एकेक फाटे बंद करत गेलं की अर्ध्या तासात दोषी फाटा सापडतो.

गॅस किट बसवलेल्या गाडीत दोन निपल जास्त धरा. जुन्या किटमध्ये व्हेपोरायझरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) व्हॅक्यूमची बारीक नळी जाते आणि ती बहुतेक वेळा मूळ नळी कापून टी (तीन तोंडांचा जोड) जोडून काढलेली असते. हे टी प्लॅस्टिकचे असतात, दोन-तीन उन्हाळ्यांत ठिसूळ होतात आणि केसाएवढा तडा दिसतही नाही.

गेज काय सांगतं

व्हॅक्यूम गेज असेल तर अंदाजाला जागा उरत नाही. मॅनिफोल्डच्या निपलला जोडा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या, आयडल मिनिटाला आठशे ते नऊशे फेऱ्यांवर आणा. समुद्रसपाटीला चांगलं पेट्रोल इंजिन १७ ते २१ इंच पारा (व्हॅक्यूम मोजायचं माप) दाखवतं. दर ३०० मीटर उंचीला साधारण एक इंच कमी होतो. नागपूर, अमरावती, चंद्रपूरचा सपाट भाग सुमारे २०० ते ३५० मीटरवर आहे, म्हणजे इथे १६ ते २० इंच चांगलं समजा. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, तिथे तीच गाडी अडीच-तीन इंच कमी दाखवेल आणि तरी ती निरोगी असेल.

काटा स्थिर पण या आकड्यांपेक्षा तीन ते नऊ इंच खाली असेल तर मोठी गळती, मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा कार्बोरेटरखालचा इन्सुलेटर (उष्णता अडवणारा जाड तुकडा) धरा. स्थिर पण दोन-तीन इंचच खाली असेल तर आधी इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बघा, ते मागे गेलेलं असू शकतं. काटा ठराविक ठेक्यात खाली-वर मारत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाही. ते नळीचं दुखणं नाही, नळ्या बदलून ते जाणार नाही.

डिस्ट्रिब्युटरच्या नळीला आयडलवर व्हॅक्यूम दिसला नाही तर घाबरू नका. बऱ्याच कार्बोरेटरमध्ये ती नळी पाकळीच्या वरच्या छिद्राला असते आणि रेस दिल्यावरच ओढ लागते. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम डबीतला पडदा फाटला आहे का हे वेगळं बघा: नळी काढून तोंडाने ओढा आणि जिभेने बंद करा. आतली प्लेट हलून तशीच थांबली तर पडदा ठीक, हळूहळू परत आली तर फाटका. टायमिंग लाइटने बेस टायमिंग लावताना ही नळी काढून तिचं टोक बंद ठेवायचं असतं. काम झाल्यावर ती परत लावायची राहून जाते, आणि पिकअप नसलेल्या कितीतरी गाड्यांचं मूळ एवढ्यातच असतं.

ओढतं काय, ढकलतं काय

ओढणारं कारण बहुतेक वेळा इंजिन माउंटिंग असतं. माउंटिंगचं रबर दबलं की रेस देताना इंजिन एका बाजूला उचललं जातं, आणि इंजिनापासून बॉडीकडे जाणारी प्रत्येक नळी (बूस्टर, कॅनिस्टर, मॅप सेन्सर) दर झटक्याला ताणली जाते. गिट्टीच्या रस्त्यावर, नाल्याच्या चढावर पहिल्या गिअरमध्ये हे दिवसातून शेकडो वेळा होतं. तपासायला एकाने गाडीत बसून ब्रेक पूर्ण दाबावा, पहिला गिअर टाकून क्लच जेमतेम पकडेपर्यंत सोडावा. दुसऱ्याने बाजूला उभं राहून बघावं, गाडीसमोर कधीच नाही. इंजिन बोटभरापेक्षा जास्त उचललं तर माउंटिंग बदलायचं. नळीला तीन-चार सेंटीमीटर सैल वळण ठेवायचं, सरळ ताणून बसवलेली नळी सुटणारच.

ढकलणारं कारण म्हणजे बॅकफायर. कार्बोरेटरमधून फटाका उडाला की मॅनिफोल्डमध्ये क्षणभर व्हॅक्यूमऐवजी दाब येतो आणि सैल टोक असलेली नळी उडते. इथे एक चक्र बनतं आणि ते ओळखणं फार महत्त्वाचं आहे: लहान गळतीमुळे मिश्रण पातळ, पातळ मिश्रणामुळे बॅकफायर, बॅकफायरमुळे नळी सुटते, गळती मोठी होते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत हे जास्त जोरात होतं, कधी एअर क्लीनरचं झाकणही उडतं. म्हणून फटाके उडणाऱ्या गाडीत नळीसोबत प्लग, प्लगच्या वायरी, डिस्ट्रिब्युटर कॅपमधले तडे आणि टायमिंग एकाच दिवशी बघा. हे अर्धवट केलं की आठवड्यात पुन्हा तेच.

ढकलणारं दुसरं कारण क्रँककेसचा (इंजिनाच्या खालच्या, तेल असलेल्या भागाचा) दाब. पीसीव्ही व्हॉल्व्ह काजळीने बंद झाला किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ब्रीदरची (तिथली हवा बाहेर काढणारी) नळी सुटते आणि आजूबाजूला तेल उडतं. व्हॉल्व्ह काढून हलवा, आत खळखळ वाजला पाहिजे. इंजिन चालू असताना त्याच्या तोंडावर बोट ठेवलं तर ओढ जाणवली पाहिजे. व्हॉल्व्ह साफ असूनही तेलाच्या झाकणातून धूर धापा टाकत येत असेल तर इंजिन उतरलं (आतून झिजलं) आहे, तिथे क्लिप आवळून नळी टिकवायचा प्रयत्न सोडा.

नळी कोणती घ्यायची

या मुद्द्यावर सगळ्यात जास्त घोळ होतो. वेळ मारून न्यायला सलाइनची नळी किंवा मत्स्यालयाची पारदर्शक नळी घालतात. ती गरम मॅनिफोल्डजवळ मऊ पडते, चपटी होते आणि आतून बंद होते. बाहेरून नळी जागेवर दिसते, म्हणून दोष सापडत नाही. रेडिएटरच्या कामाच्या रबराचा तुकडाही नको. ते रबर पाण्याला आणि उष्णतेला चांगलं, पण तेलाने फुगतं, आणि फुगलेलं टोक निपलवरून आपोआप घसरतं.

ब्रीदर, पीसीव्ही आणि जिथे तेलाची वाफ किंवा पेट्रोल येतं तिथे नायट्राइल रबरची, पेट्रोलला चालणारी नळी. डिस्ट्रिब्युटर आणि मॅप सेन्सर अशा कोरड्या जागी जाड भिंतीची सिलिकॉन नळी उत्तम, उष्णतेत ती वर्षानुवर्षं कडक होत नाही. पण सिलिकॉन पेट्रोलच्या आणि तेलाच्या जागी घालू नका, ते फुगून कुजतं. बूस्टरला फक्त ब्रेक बूस्टरसाठीचीच, आत धाग्याचं वेष्टण असलेली नळी. दुसरी कुठलीही नळी ओढीने आत दबू शकते. जुन्या बूस्टर नळीत कधी आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो. नळी बाहेरून ठणठणीत आणि ब्रेक मात्र कधी मऊ, कधी कडक. वाकवून आत टॉर्च टाकल्याशिवाय हे कळत नाही.

दुकानात जाताना जुन्या नळीचा तुकडा नेऊ नका, त्याचं तोंड पसरलेलं असतं. निपलचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि त्यापेक्षा अर्धा ते एक मिलिमीटर कमी आतला व्यास घ्या. बारीक फाट्यांना ३, ४ किंवा ६ मिलिमीटर लागतो. एका गाडीसाठी साधारण असं सामान पुरतं: ४ मिलिमीटरची नळी तीन मीटर, ६ मिलिमीटरची एक मीटर, बूस्टरची नळी मोजून त्यापेक्षा दहा सेंटीमीटर जास्त, वनवे व्हॉल्व्ह एक, टी दोन, रबरी टोप्या चार, स्प्रिंग क्लिपा दहा-बारा आणि बूस्टरसाठी दोन पट्टी क्लॅम्प.

बसवताना

जुनी कडक नळी ओढून काढू नका. प्लॅस्टिकचा किंवा पितळी निपल मोडला तर काम दहापट वाढतं. ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या आणि सोलून काढा. निपलवरचं जुनं रबर खरवडा, पण निपलची उभार कडा घासू नका, पकड तिच्यावरच असते. कापडाने तेल पूर्ण पुसा. नळीचं टोक काटकोनात कापा, साबणाच्या पाण्यात बुडवा आणि फिरवत बसवा. कमीत कमी पंधरा मिलिमीटर आत गेली पाहिजे. ग्रीस किंवा ऑइल लावू नका, बसवताना जितकी सहज सरकते तितकीच सहज निघते. फेव्हिक्विक, एम-सील यांनाही हात लावू नका. रबर तिथे काचेसारखं कडक होतं, आणि आत गेलेला थेंब निपल बुजवतो.

क्लिप उभार कडेच्या मागे बसवायची, कडेवर नाही. बारीक नळीला स्प्रिंग क्लिप पुरे, पट्टी क्लॅम्प तिला कापतो. मूळ नळी चांगली असून फक्त टोक पसरलं असेल आणि लांबी शिल्लक असेल, तर टोकाचे पंधरा मिलिमीटर कापून पुन्हा बसवलं तरी चालतं. फक्त ताण येत नाही ना ते बघा.

डिझेल जीप आणि व्हॅक्यूमवरचं फोर व्हील

डिझेलमध्ये गेज पंपाच्या तोंडाशी लावा. चांगला पंप थोड्याच वेळात २५ इंचांच्या वर जातो. पंप कमी दाखवत असेल तर नळ्यांना दोष देऊ नका. बूस्टरच्या नळीत आतून तेल दिसलं तर पंपाकडची तेल परतीची नळी दुमडली किंवा तुंबली आहे का ते आधी बघा, मग वनवे व्हॉल्व्ह. तेल बूस्टरपर्यंत गेलं की त्याचा पडदा खराब होतो, आणि बूस्टर नळीपेक्षा कितीतरी महाग.

पजेरो एसएफएक्ससारख्या गाडीत पुढचा ॲक्सल जोडायला व्हॅक्यूमचा डबा असतो. त्याला दोन नळ्या येतात, एक जोडायला ओढते आणि दुसरी सोडवायला. एक सुटली की डॅशबोर्डवर फोर व्हीलचा दिवा लुकलुकत राहतो. नळ्या अदलाबदल झाल्या तर काम उलटं होतं, म्हणून इथे आकड्यांच्या टेपा सगळ्यात जास्त कामी येतात. काळ्या मातीचा चिखल या डब्याभोवती गच्च बसतो, वाळल्यावर ढेकूळ निघताना नळीही घेऊन जातं. पावसाळ्यात चिखलातून आल्यावर तिथे पाणी मारून धुवा, पण प्रेशर गनचा फवारा थेट नळीच्या टोकावर नको. ज्या गाडीत फोर व्हील फक्त लिव्हरने लागतं, तिथे हा भागच नाही.

उंदीर आणि खार

तुरीच्या कुटाराशेजारी किंवा ढेपेच्या पोत्यांच्या कोठ्यात गाडी उभी राहत असेल तर चिरलेल्या नळीचं कारण उष्णता नसेल. कडा कुरतडलेली, दोन दातांच्या समांतर खुणा दिसल्या की उंदीर किंवा खार समजा. डांबराच्या गोळ्या उन्हाळ्यात आठवड्याभरात उडून जातात, त्यावर भरवसा ठेवू नका. गाडी कोठ्यापासून लांब उभी करा, रात्री बॉनेट उघडं ठेवा, बॅटरीच्या ट्रेमागचा आणि एअर क्लीनरखालचा कचरा काढून टाका, आणि बारीक नळ्यांवर वायरिंगची चिरलेली कडक नळी चढवा.

काम झाल्यावर गाडी पूर्ण गरम करून गेजवरचा आकडा आणि आयडल कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवा. पाचशे किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना प्रत्येक टोक हाताने फिरवून बघा. एखादं सहज फिरलं तर व्यास चुकला आहे, ती नळी एक माप बारीक घ्या. मॅनिफोल्डचे आणि कार्बोरेटरचे नट त्याच वेळी आडवे-तिडवे क्रमाने एकदा तपासा. नवं पॅकिंग बसलं की ते थोडे सैल होतात, आणि एकाच बाजूने आवळले तर इन्सुलेटर वाकतो.